मागच्या सीटवरचे मार्क

माझे भावोजी दिनानाथ निमकर यांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही खोटं रीडिंग लिहिलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगतोय. तमिळ मुलखातल्या आवडी गावच्या ज्या सरकारी कारखान्यात ते तपासनीस होते, त्याच कारखान्यात मी स्टोअरमध्ये कारकून होतो. माझ्या रॅकवर आलेला माल तपासायला हा माणूस मायक्रोमीटर घेऊन आला की मी आधीच पत्राचा कागद काढून ठेवायचो. केसाएवढा फरक निघाला तरी त्या पिनवर लाल रंगाचा ठिपका पडायचा. लाल ठिपका म्हणजे माल परत. मग पुरवठादाराची बोलणी मी खायची, पत्रं मी लिहायची, आणि हे कँटीनमध्ये शांतपणे इडली खात बसलेले.

अशा माणसाला माझ्या अक्कासाठी मीच पसंत केलं, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? एकेचाळीस वर्षांपूर्वी ते अंबरनाथहून बदलीवर आले. मराठी बोलणारं कुणी भेटतंय का म्हणून शोधत होते, तर कुणीतरी माझं नाव सांगितलं, नारायणस्वामी राव. आमचं मराठी तंजावरचं, पणजोबांच्याही आधीपासून इकडचं. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून ते म्हणाले, ‘‘तुम्ही बोलताय की पोथी वाचताय?’’ मला राग आला होता. पण पुढं त्यांनीच मला मराठी लिहायला शिकवलं. मी त्यांना पत्रं लिहायची, त्यांनी लाल पेन्सिलीनं खुणा करून ती परत द्यायची. अक्काशी, म्हणजे विजयालक्ष्मीशी, लग्न झाल्यावरसुद्धा हा उद्योग थांबला नाही. आज जे लिहितोय ती त्यांचीच शिकवण. त्यांनी वाचलं असतं तर यातलं निम्मं परत आलं असतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा देवेश. त्याच्या बाबतीत तरी हात जरा सैल सोडावा की नाही? नाही. देवेश आठवीत असताना त्यानं शाळेच्या प्रदर्शनासाठी एक चारचाकी गाडी केली होती. पत्र्याची, स्प्रिंगवर उभी असलेली, दाबली की खाली जायची आणि सोडली की वर यायची. दोन महिने खपला होता पोरगा. बापाला दाखवायला आणली तेव्हा मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. भावोजींनी कपाटातून कॅलिपर काढला, पुढची दोन्ही टोकं मोजली, मागची मोजली, आणि म्हणाले, ‘‘उजवी बाजू दीड मिलिमीटर बसलीय.’’ एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनी लाल पेन्सिल घेऊन गाडीच्या टपावर ठिपका काढला. अक्कानं नंतर तो साबणानं घासून काढला, पण देवेशनं गाडी प्रदर्शनात नेली नाही.

त्याच पोरानं मोठेपणी स्प्रिंगचाच धंदा पत्करला, याला काय म्हणायचं ते म्हणा. ओरगडमजवळच्या एका मोटार कंपनीत तो गाड्यांची चाल तपासतो. म्हणजे नव्या गाडीत बसायचं, ठरलेल्या खराब रस्त्यावरून ती चालवायची आणि दहापैकी मार्क द्यायचे. पाचाच्या खाली म्हणजे गिऱ्हाईक भांडायला येणार, सात म्हणजे खूश, आठ म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना घाम फुटणार. ‘‘मामा, मशीनला जे कळत नाही ते बुडाला कळतं,’’ असं तो मला सांगायचा. मी म्हणायचो, तुझ्या बापाचं मायक्रोमीटर आणि तुझं बूड, सरकारी आणि खासगी नोकरीत एवढाच फरक.

त्याची स्वतःची गाडी निळी, बुटकी, टर्बो इंजिनाची. रोज शोळिंगनल्लूरच्या फ्लॅटवरून कारखान्यात जायला तीच, आणि शनिवारी पहाटे समुद्राकडच्या रस्त्यानं कोवलमला मित्रांबरोबर पळवायलाही तीच. कंपनीच्या मूळ स्प्रिंगा त्यानं केव्हाच काढून कोइंबतूरच्या कुणाला तरी विकल्या होत्या. त्यांच्या जागी उंची आणि कडकपणा हवा तसा फिरवता येईल असा महागडा सेट बसवला होता. गाडी चार बोटं खाली आणली होती. वळणावर ती जमिनीला चिकटून जायची हे खरं, पण त्याची बायको रुचिरा त्या गाडीतून ऑफिसला जायची नाही. ‘‘मला कंपनीची बस बरी,’’ म्हणायची. मी एकदा तांबरमपर्यंत मागच्या सीटवर बसलो आणि घरी येऊन दोन दिवस कंबरेला तेल चोळलं.

मागच्या वर्षी पोंगलनंतर भावोजींची कंबर दुखायला लागली. अक्का जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते आवडीच्या घरात एकटे आणि मी दोन गल्ल्या सोडून. म्हातारपणाची दुखणी म्हणून आम्ही दोन महिने मलमं लावली. मग तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर, आणि तो मणक्यांत पोचलेला. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बरं होण्यासारखं आता नाही. वीस दिवस किरण द्यायचे, सोमवार ते शुक्रवार. त्यानं वेदना कमी होतील आणि पाय शाबूत राहतील, निदान तसा प्रयत्न. मणका नसेवर दाबला गेला तर पाय जातील. पाय जड वाटले, बधिर वाटले, तर त्याच तासाला घेऊन या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. भावोजींनी हे सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, ‘‘न्हाणीत माझा मी जाऊ शकेन ना?’’ बाई म्हणाल्या, त्यासाठीच तर हे करतोय.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. शेवटपर्यंत त्यांना स्वतःच्या पायांनी न्हाणीत जाता यावं. आणि त्यासाठी आवडीहून शहरातल्या इस्पितळात वीस वेळा जाणं आणि वीस वेळा परत येणं. अंबत्तूरपासून पुढं रस्ता उकरलेला, त्यावर लोखंडी पत्रे टाकलेले, पत्र्यांच्या कडा वर आलेल्या. धडधाकट माणूस तिथं शिव्या देतो.

रुग्णवाहिकेला भावोजी नाही म्हणाले. ‘‘गल्लीतले लोक दारात उभे राहतील.’’ पहिल्या दिवशी टॅक्सी केली. ड्रायव्हर घाईतला, ब्रेक असे मारायचा की भावोजी पुढं फेकले जायचे. त्या दिवशी देवेशही बरोबर होता, परत आल्यावर त्याचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं ऑफिसात उशिरा जायची परवानगी काढली, बॅग घेऊन आवडीला राहायला आला आणि म्हणाला, ‘‘जगाच्या बुडाला सुख द्यायचा मी पगार घेतो, आणि माझा बाप टॅक्सीनं जाणार? माझ्या गाडीतून न्यायचं. मी करतो ती नीट.’’

मी म्हणालो, ‘‘त्या गाडीतून? अरे, तुझ्या बापाचे मणके आहेत, शर्यतीचे टायर नव्हेत.’’

‘‘मामा, ऐकून तर घे. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आहे तो सेट मऊ करायचा. शॉकअपवर कडकपणाचे बत्तीस खटके आहेत, एकेक खटका सैल करत जायचं. दुसरा म्हणजे हे सगळं काढून टाकायचं. याच गाडीचं साधं मॉडेल येतं, त्याच्या उंच, मऊ स्प्रिंगा, साधे शॉकअप, लहान चाकं आणि जाड टायर. मग ही गाडी पळण्यातून गेली, पण गेली तर गेली. लागलं तर तेही करीन. आधी आकडे हवेत. बाबा सांगतील ना आकडे.’’

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्यानं ती गाडी मोडली असती, बापासाठी आनंदानं मोडली असती. हे मला तेव्हाही दिसत होतं आणि म्हणूनच पुढचं सगळं मला जास्त लागलं.

पुढच्या सीटा शर्यतीच्या, दोन्ही बाजूंनी कुशीत टोचणाऱ्या. म्हणून भावोजी मागे, उशीवर तिरके, डोकं माझ्या खांद्यावर. मी त्यांना दोन्ही हातांनी धरून बसायचो. देवेशनं पहिल्या दिवशी निघताना सांगितलं, ‘‘बाबा, पोचल्यावर दहापैकी मार्क द्या. माझं मन राखू नका, तुमच्या माइकासारखंच. खरं रीडिंग.’’

माइक म्हणजे मायक्रोमीटर. भावोजी हसले. अंबत्तूरच्या पहिल्या पत्र्यावर गाडी आदळली आणि त्यांची नखं माझ्या मनगटात घुसली. आवाज नाही केला. इस्पितळाच्या दारात देवेशनं वळून विचारलं, ‘‘किती?’’

‘‘सहा,’’ भावोजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. देवेश मात्र खूश. त्या संध्याकाळी त्यानं सहा खटके सैल केले. दुसऱ्या दिवशी सात. आणखी सहा खटके. चौथ्या दिवशी भावोजी म्हणाले, ‘‘आठ.’’ आरशात मला देवेशचं तोंड दिसलं. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण आठवीतल्या पोरासारखा लाजला होता. गाडी लावायला गेला तो शीळ घालत गेला.

आत किरणांच्या खोलीबाहेर हेमावती नावाची नर्स असायची. तीही रोज विचारायची, दुखणं दहापैकी किती. तिथं उलटं, जास्त आकडा म्हणजे जास्त दुखणं. भावोजी तिला तमिळमध्ये म्हणाले, ‘‘नऊ.’’ तिनं कागदावर लिहून घेतलं. देवेश त्या वेळी खालच्या तळघरात गाडीला जागा शोधत होता. तो वर येईपर्यंत रोज हे आटोपलेलं असायचं.

ती गेल्यावर मी विचारलं, ‘‘भावोजी, काय म्हणून असं करतां? तिकडे खरं सांगतां आणि पोराला खोटं?’’

‘‘नर्सला खोटं सांगून कसं चालेल? औषध त्यावर ठरतं.’’

‘‘आणि गाडी कशावर ठरत्ये? तुम्ही तीन म्हटलांत की तो उद्या सगळं काढून टाकेल. मला म्हणालाय.’’

त्यांनी दाराकडे पाहून देवेश आला नाही याची खात्री केली. मग म्हणाले, ‘‘नारायणा, त्या पत्र्याच्या गाडीवर मी ठिपका काढला होता. तू होतास.’’

‘‘होतो.’’

‘‘त्यानंतर त्यानं मला काही दाखवलं नाही. दहावीचे मार्क नाहीत, नोकरीचं पत्र नाही. विजयाला दाखवायचा, ती मला सांगायची. आता रोज सकाळी वळून विचारतो, बाबा किती. मी त्याला दोन सांगू?’’

‘‘दोन आहे?’’

‘‘दोनसुद्धा नाही.’’

मला इतका संताप आला की उठून दोन पावलं लांब गेलो. आयुष्यभर लोकांचा माल केसाएवढ्या फरकासाठी परत पाठवला, आणि आता स्वतःची हाडं ठेचली जात असताना पास, पास, पास. परत येऊन मी ते बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, ‘‘हाडं जाणारच आहेत. मला आता दुसरं काही देता येत नाही त्याला.’’ मग माझा हात धरून अक्काची शपथ घातली, देवेशला सांगायचं नाही. मी शपथ घेतली. त्यांना दुखत होतं, अक्काचं नाव घेतलं होतं, काय करणार होतो मी?

आणि गंमत, गंमत कसली, हाल असे झाले की आठ मिळाल्यावर देवेश त्याच वाटेनं पुढं गेला. खटके सैल, आणखी सैल. पण गाडीची उंची तीच, चार बोटं खाली. मी स्टोअरचा माणूस, मला सुटे भाग कळतात. शॉकअपच्या दांड्यावर शेवटी एक रबराचा ठोकळा असतो. गाडी बुटकी आणि शॉकअप ढिला असला की मागचं चाक प्रत्येक खड्ड्यात त्या ठोकळ्यावर जाऊन बसतं, आणि तो दणका सरळ मागच्या सीटला. पुढं स्टिअरिंग धरून बसलेल्याला तो कळत नाही. त्याला गाडी नुसती मऊ झाल्यासारखी वाटते. देवेश धंद्यानं यातलाच, पण आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर तो जन्मात बसला नव्हता.

मी शपथ न मोडता एकदा म्हणून बघितलं, ‘‘मागे तो रबर लागतोय वाटतं.’’

‘‘लागला असता तर बाबांनी आठ दिले असते का? बाबांनी, मामा! तुला माहीत आहे ना ते कसे आहेत.’’

अख्ख्या आवडीत या माणसाच्या आकड्यावर शंका घेणारा कुणी सापडला नसता. तीच तर फसगत झाली.

दुसरा आठवडा संपला, तिसरा लागला. किरणांनी गुण येईल, येईल म्हणत होते. भावोजी वाळत चालले. घरातून गाडीपर्यंत आम्ही त्यांना खुर्चीसकट उचलून न्यायला लागलो, कारण पाच पायऱ्या उतरणं जमेना. न्हाणीत मात्र भिंत धरून स्वतः जायचे, आतून कडी लावायचे आणि मी बाहेर उभा राहिलो की रागवायचे. गाडीत बसताना पंचा तोंडात धरायचे. देवेशनं विचारलं तर म्हणायचे, धूळ येते. पोचलं की, ‘‘आठ.’’ एकदा म्हणाले, ‘‘साडेआठ म्हण हवं तर.’’ त्या दिवशी हेमावतीनं दुखण्याचा आकडा ऐकून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुम्ही यांना कसल्या गाडीतून आणता?

पंधरावी खेप शुक्रवारी झाली. शनिवारी सकाळी देवेश लॅपटॉप घेऊन माझ्या घरी आला. रुचिराही आली होती, शनिवार-रविवार ती इकडेच असायची. त्यानं एक आलेख दाखवला. खाली खटके, बाजूला बाबांचे मार्क, आणि रेघ चढत गेलेली. ‘‘ऑफिसात दाखवणार आहे,’’ म्हणाला. ‘‘दुखणाईत माणसाचं असं रोजचं रीडिंग कुणाकडे नसेल. आणि मामा, आठवर स्थिर आहे म्हणजे सोमवारपासून थोडा वेग वाढवता येईल. दहा मिनिटं वाचतील त्यांची.’’

वेग वाढवणार होता. माझं डोकं फिरलं. मी लॅपटॉपचं झाकण लावलं आणि म्हणालो, ‘‘दोन.’’

‘‘काय दोन?’’

‘‘तुझ्या बापाचा खरा आकडा. पहिल्या दिवशी दोन होता, आता दोनाच्याही खाली आहे. पंचा कशाला चावतात? धूळ? काचा बंद असतात तुझ्या गाडीच्या. हे बघ.’’ आणि मी मनगट पुढं केलं. पंधरा दिवसांच्या नखांच्या खुणा होत्या, जुन्या काळ्या पडलेल्या, कालच्या ताज्या.

तो म्हणाला, ‘‘बाबा खोटं सांगणार नाहीत.’’

‘‘मग तू स्वतः बघ. मागे निज.’’

रुचिरानं गाडी काढली. मी पुढं बसलो, तो मागं भावोजींच्या जागी तिरका झाला. अंबत्तूरपर्यंत गेलो आणि वळलो. जाताना पहिल्या पत्र्यावर तो ‘‘अरे’’ म्हणाला, दुसऱ्यावर त्यानं पुढच्या सीटची पाठ धरली. परत आल्यावर गाडीतून उतरला आणि बराच वेळ दाराला धरून उभा होता. ‘‘का सांगितलं नाही त्यांनी?’’ असं त्यानं मला विचारलं. लाल ठिपक्याचं मी सांगितलं. तेही नको होतं सांगायला, पण एकदा तोंड उघडल्यावर माझं मला आवरत नाही. तो तिथंच पायरीवर बसून रडला. रुचिरा त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि मला तिच्याकडे बघवेना.

बापाला तो एक अक्षर बोलला नाही. दुपारी पुदुपेट्टैला गेला, जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात त्या बाजारात, आणि साध्या मॉडेलच्या चार स्प्रिंगा, शॉकअप, लहान चाकं, जाड टायर, सगळं टेम्पोत घालून आणलं. रविवारी सकाळी सातला अंगणात गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली आणि खाली शिरला. गॅरेजवाल्याला बोलावूया म्हटलं तर ऐकेना. ‘‘मीच करणार.’’

भावोजींची खाट खिडकीशी होती. तिथून त्यांना गाडी दिसायची, आणि गाडीखालून बाहेर आलेले देवेशचे पाय. ‘‘काय चाललंय?’’ त्यांनी मला विचारलं.

‘‘आणखी चांगली करतोय म्हणे.’’

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ‘‘सांगितलंस तू.’’

मी मान हलवली. मला वाटलं आता चिडतील. पण ते खिडकीतून बघत राहिले. देवेशनं एक जुनी स्प्रिंग काढून बाहेर टाकली, हातानं चाचपून नवी उचलली, दोन्ही बाजूंची उंची टेपनं मोजली, परत मोजली. भावोजी म्हणाले, ‘‘बघ, दोनदा मोजतोय.’’ इतक्या कौतुकानं त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, अक्काच्या बाबतीतसुद्धा नाही.

रुचिरानं दुपारी त्यांना दहीभात भरवला. तीनच्या सुमारास मी आत गेलो, न्हाणीत जायचंय का विचारायला. ते म्हणाले, ‘‘नको. त्याचं किती वाजेपर्यंत होईल?’’ मी म्हणालो, संध्याकाळ होईल, मागची दोन्ही चाकं अजून उघडी आहेत. ‘‘होऊ दे सावकाश. दार लोटून घे, जरा पडतो,’’ म्हणाले. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर येऊन देवेशला पाने देत बसलो. काम आटोपायला रात्र झाली, तोवर ते निजलेले दिसले, आणि सकाळी न्हाणीचं विचारलं तर ‘झालं माझं’ म्हणाले.

सोमवारी आम्ही त्यांना नेहमीसारखं खुर्चीतून आणून मागं ठेवलं. मी धरून बसलो. गाडी निघाली, आणि मला पहिल्या वळणालाच फरक कळला. उंच, जरा डुलणारी, जुन्या काळच्या गाडीसारखी. अंबत्तूरला पहिला पत्रा आला. मी सवयीनं मनगट घट्ट केलं. गाडी वर झाली, खाली आली, बस्स. दणका नाही. दुसरा पत्रा, तिसरा. माझ्या हातावर नख लागलं नाही. पंचा त्यांच्या मांडीवर तसाच घडी केलेला होता. पोरानं जिंकलं, असं वाटून मला रडू यायला लागलं.

देवेशनं पोचायची वाट पाहिली नाही. आरशात बघत म्हणाला, ‘‘बाबा, आज खरं सांगायचं. मामानं मला सगळं सांगितलंय. मार्क नकोत मला. रीडिंग सांगा.’’

भावोजी खिडकीबाहेर बघत होते.

‘‘बाबा. किती?’’

‘‘रीडिंग मिळत नाही,’’ ते म्हणाले.

‘‘म्हणजे?’’

‘‘कंबरेच्या खाली काही लागत नाही. गाडी हलतेय हे बाहेर बघून कळतं.’’

देवेशनं गाडी कडेला घेतली. मागून हॉर्न वाजायला लागले. तो वळून सीटवर गुडघ्यांवर बसला आणि बापाच्या मांडीवर हात दाबून म्हणाला, ‘‘हे? हे लागतंय?’’ भावोजींनी मान हलवली, नाही. पायाचा अंगठा दाबला. नाही.

‘‘कधीपासून?’’

‘‘काल दुपारपासून. दोन-अडीच असतील.’’

‘‘हाक का नाही मारलीत?’’

‘‘तू गाडीखाली होतास,’’ भावोजी म्हणाले. ‘‘मागची चाकं काढलेली होती. इतकं नीट चाललं होतं तुझं.’’

देवेशनं पुढं वळून गाडी काढली. इतक्या वेगानं मी त्या रस्त्यावरून कधी गेलो नव्हतो, आणि एकदाही काही आदळलं नाही. भावोजींनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि हळूच विचारलं, ‘‘नारायणा, तू सांग. कशी चाललीय?’’

‘‘नऊ, भावोजी.’’

‘‘खरं?’’

‘‘खरं. अक्काशपथ.’’

‘‘मग त्याला ऐकू जाईल असं सांग.’’

मी मोठ्यानं सांगितलं. देवेशनं ऐकलं की नाही कळलं नाही, त्यानं आरशात पाहिलं नाही.

इस्पितळात हेमावतीनं चादर बाजूला करून पायाला सुई लावून पाहिली आणि पळत जाऊन डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी विचारलं, कधीपासून. मी सांगितलं, काल दुपारपासून. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. गाडीच्या धक्क्यांनी झालं का, असं देवेशनं कसंबसं विचारलं, तर त्या नाही म्हणाल्या, हे आज ना उद्या होणारच होतं, पण काल दुपारीच आणलं असतं तर पाय वाचवायला काही तास हाताशी होते. काल घरी कुणी नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. होतो, मी म्हणालो. आम्ही सगळे घरीच होतो.